डोक्याकडची दोरी

रविवारी संध्याकाळी आठ वाजता माझा फोन वाजायचा. आठवड्यातून एवढाच एकदा. एरवी वाजलाच तर पलीकडचा माणूस मला वीज कंपनी बदलायला सांगत असे, आणि खरं सांगते, कधीकधी मी त्याच्याशीसुद्धा पाच-दहा मिनिटं बोलत बसायची.

आमचं कुरण आता शेजारच्या दूधवाल्यांकडे खंडानं आहे. जिथं आम्हा लॅमाँटांची मेंढरं चरायची तिथं त्यांच्या गाई उभ्या असतात आणि मी कपडे वाळत घालताना माझ्याकडे टक लावून बघतात. घर तेवढं मी ठेवलं. लग्न मी केलं नाही, माझा भाऊ वॉल्टर यानंही नाही. आईच्या मागे आम्ही दोघं म्हातारी भावंडं एकमेकांवर खेकसत राहिलो, आणि मग एक दिवस खेकसायला कोणी उरलं नाही. वॉल्टरचे बूट अजून दाराशी आहेत. दारावर काही विकायला आलेल्या लोकांना वाटावं की घरात पुरुष आहे, म्हणून ठेवलेत, असं मी सांगते.

आमच्या साउथलँडात, न्यूझीलंडच्या या शेपटाला, माणूस भेटला की आधी हवा विचारतात, मग मेंढरांचा भाव, आणि मग तुमचे कोणत्या जहाजानं आले ते. प्रत्येकाचा कोणीतरी आजा-पणजा स्कॉटलंडहून आलेला आणि प्रत्येकाला त्याची गोष्ट पाठ. कुणाचा जमीनदारानं हाकललेला, कुणाचा सोन्याच्या मागे आलेला. आमच्या घरात गोष्टच नव्हती. माझे पणजोबा, ड्युगल्ड लॅमाँट, अठराशे एकोणऐंशी साली ब्लफ बंदरात उतरले. वय एकवीस. बरोबर कोणी नाही, सामानाची पेटी नाही. तिकडचं काही विचारलं तर म्हणायचे, "तिकडे वारा फार होता." एवढंच. आमच्या घराण्याचा सगळा इतिहास म्हणजे हे एक वाक्य, आणि तेही हवेबद्दल.

वॉल्टर गेल्यावर मी गावच्या सभागृहातल्या पूर्वज-मंडळात जायला लागले. पूर्वजांची मला तशी काही हौस नव्हती. मंगळवारी तिथं हीटर लावतात आणि चीज रोल मिळतात. मंडळ चालवते ग्लेनिस. ग्लेनिसला अख्ख्या जिल्ह्याच्या सात पिढ्या तोंडपाठ आहेत, फक्त स्वतःचा नवरा आत्ता कुठल्या खोलीत आहे ते तिला सांगता येत नाही. तिनं माझा कागद बघितला आणि म्हणाली की यात अवघड काय आहे, नावंच सांगतायत सगळं.

आमच्याकडे जुना रिवाज आहे. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. जुन्या लोकांनी यात कधी फरक केला नाही. एखादं मूल गेलं तर तेच नाव पुढच्याला ठेवीत, पण रिवाज मोडत नसत. पणजोबांची मुलं म्हणजे लॅक्लन, वॉल्टर, ग्रिझेल आणि एफी. त्यातले वॉल्टर आणि ग्रिझेल हे पणजीचे आईबाप, ते तर इथल्याच दफनभूमीत आहेत. मग उरले लॅक्लन आणि एफी. "तेच ड्युगल्डचे आईबाप," ग्लेनिस म्हणाली. "हे गणित आहे, एफी. यात तुझं-माझं मत चालत नाही."

माझं नाव त्या दुसऱ्या मुलीवरून, म्हणजे माझ्या आजोबांच्या बहिणीवरून, आलेलं. म्हणजे मी त्या कुठल्याशा पहिल्या एफीची. मला बरं वाटलं. सत्तर वर्षं वापरलेली वस्तू कुठून आणली ते कळावं तसं.

लॅक्लन आणि एफी लॅमाँट हे जोडपं सापडलं टायरी नावाच्या बेटावर, स्कॉटलंडच्या पश्चिमेला. त्यांच्या मुलांत ड्युगल्डचं नाव काही चर्चच्या नोंदीत सापडेना. ग्लेनिस म्हणाली की पाद्री लिहायला विसरला असेल, पाद्रीही माणूसच असतो. आणि तिनं आमचा वंशवृक्ष सभागृहाच्या भिंतीवर लावून टाकला. मग तिनंच तिकडच्या चर्चला विचारणा केली, आणि एका रविवारी संध्याकाळी माझा फोन वाजला.

"एफी लॅमाँट का? मी आर्ची लॅमाँट. टायरीहून. तू जिवंत आहेस म्हणे."

मी म्हटलं, "आहे, मिस्टर लॅमाँट. तुम्ही कसे आहात?"

"मिस्टर पोस्टमनला म्हण, तेवढाच तो खूश होईल. भावकीत कसला मिस्टर?"

आर्ची तेव्हा चौऱ्याऐंशीचा होता. बायको जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. थोडी मेंढरं, मॉस नावाचा एक बहिरा कुत्रा, आणि शेजारी मोराग, जी त्याला सूप आणून द्यायची आणि त्याच्या स्वयंपाकघराला नावं ठेवायची. लॅक्लन त्याचे खापरपणजोबा आणि माझेही. लॅक्लनचा मुलगा नील, त्या नीलच्या वंशातला हा शेवटचा. आणि ड्युगल्डच्या वंशातली शेवटची मी. जगाच्या दोन टोकांना दोन म्हाताऱ्या फांद्या आणि मधे सगळं वाळलेलं.

माझी रविवारची संध्याकाळ ती त्याची रविवारची सकाळ. माझा उन्हाळा तो त्याचा हिवाळा, त्यामुळे दोघांपैकी एकाची थंडीची तक्रार नेहमी ताजी असायची. मी त्याला सांगायची की या वर्षी शलगम जून निघाले. तो सांगायचा की वाऱ्यानं मोरागच्या कोंबड्यांचं खुराडं कोंबड्यांसकट पुढच्या वाडीत उडून गेलं आणि एकीनं तिथं जाऊन अंडं घातलं, आता ते अंडं कुणाचं यावरून भांडण आहे. काही सांगण्यासारखं नसलं तरी आम्ही फोन ठेवत नसू. मी चहा पीत असे आणि त्याच्या बाजूचा किटलीचा आवाज ऐकत असे.

एकदा तो तणतणतच बोलायला लागला. कुरण-समितीचं अध्यक्षपद कुण्या नव्या माणसाला दिलं होतं. तो बेटावर येऊन तीनच वर्षं झालेली आणि त्याला मेंढीचं पुढचं टोक कुठलं तेही कळत नव्हतं, असं आर्चीचं म्हणणं.

"गेली," तो म्हणाला. "डोक्याकडची दोरी शहरी पोराला गेली."

मी विचारलं की हे काय. तो हसायला लागला. म्हणाला, आमच्या घरातली म्हण आहे, आता बेटभर झालीय. आजी म्हणायची. कुणी दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं, दुसऱ्याच्या ताटातला बटाटा उचलला, की ती म्हणायची, बघा, शहरी पोरानं डोक्याकडची दोरी धरली.

"कोण शहरी पोर?"

"कुणास ठाऊक. असेल कुणीतरी आगाऊ."

मग त्यानं मला दोरीचं सांगितलं. आमच्याकडे अलीकडे शवपेटी कबरीत सोडायला अंत्यविधीवाल्यांचीच माणसं असतात, पट्ट्यांनी सोडतात, घरचे नुसते बघत उभे. तिकडे तसं नाही. पेटीला आठ दोऱ्या असतात आणि आठ माणसं ती हातांनी खाली सोडतात. प्रत्येक दोरीला नंबर, आणि कुणी कुठली धरायची हे आधी ठरलेलं असतं. पहिली दोरी डोक्याकडची. ती सगळ्यांत जवळच्या नात्याला. थोरल्या मुलाला, मुलगा नसेल तर भावाला, पुतण्याला. पूर्वी बायकांना दफनभूमीतही येऊ देत नसत, आता बायकाही दोरी धरतात. पण पहिली दोरी नात्यालाच, तो नेम कुणी मोडत नाही.

मग आर्ची म्हणाला, "माझ्या बाकीच्या सात दोऱ्यांना माणसं आहेत. मोराग आहे, पोस्टमन आहे, तो अध्यक्षसुद्धा चालेल, पायाकडची देऊ. पहिलीला कुणी नाही. शेजाऱ्यानं डोक्याकडची दोरी धरली म्हणजे म्हातारा बेवारशी गेला, असा त्याचा अर्थ होतो बघ. मी आयुष्यभर सगळ्यांच्या दोऱ्या धरल्या, पोरी. माझ्या वेळी ती जागा रिकामी दिसू नये, एवढंच आहे."

मला कळलं होतं तो काय विचारणार आहे, आणि त्यानं विचारायच्या आतच मला हो म्हणायचं होतं.

"तू येशील?"

"येईन."

"मग पासपोर्ट काढून ठेव. मी वाट बघत बसणार नाही."

त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर मी वॉल्टरच्या बुटांना पॉलिश केलं. का ते सांगता येणार नाही. माझ्या वयाच्या बाईला लोक चीज रोल मागतात, शाळेच्या निधीला जुने कपडे मागतात. माझ्यावाचून अडेल असं कुणी काही मागत नाही. आता एक माणूस होता ज्याला मीच हवी होते, मीच, दुसरी कुणी चालणार नव्हती.

सभागृहाची शताब्दी जवळ आली होती आणि प्रदर्शनासाठी ग्लेनिसनं टूम काढली की सगळ्यांनी थुंकी तपासून घ्यायची. आजकाल नळीत थुंकून पाठवली की तुमचं रक्त कुणाकुणाशी जुळतं ते सांगतात. तिला आमच्या भिंतीवरच्या वृक्षाखाली पक्कं शिक्कामोर्तब हवं होतं. मी एक नळी आर्चीला पाठवली. त्यानं ती पाठवली आणि मला म्हणाला की आयुष्यात पुष्कळांवर थुंकावंसं वाटलं, पण टपालानं थुंकायची ही पहिलीच वेळ.

निकाल आला तेव्हा ग्लेनिस फोन न करता घरी आली, हातात रोलचा डबा घेऊन, आणि खुर्चीत बसली. ग्लेनिस कधी बसत नाही. ती बसली तेव्हाच मी ओळखलं.

तिनं सांगितलं की माझं आणि आर्चीचं काहीच जुळत नाही. बेटावरच्या इतर लॅमाँटांशी आर्चीचं जुळतं, माझं एकाशीही नाही. माझे सगळे धागे जातात ग्लासगो शहरात, तिथल्या गरिबांच्या गल्ल्यांत, लॅमाँट नाव कधी न लावलेल्या माणसांकडे. ती खाली बघून बोलत होती. त्या काळी म्हणे शहरातली अनाथ पोरं बेटांवरच्या शेतकऱ्यांकडे ठेवायला देत. तिथंच ती वाढत, कामं करत, काही जण तेच आडनाव लावत. ड्युगल्ड तसा असणार. म्हणून चर्चच्या नोंदीत नाही. "मी नावांवर गेले, एफी," ती म्हणाली. "कुठलाही स्कॉट नावांवरच गेला असता."

मी तिला चहा केला. तिची चूक नव्हती. रिवाज खराच होता, आमचे लोक तो कधी मोडत नाहीत. ज्याला बापच नाही त्यानं थोरल्या मुलाला कुणाचं नाव द्यायचं, एवढं फक्त रिवाजात सांगितलेलं नव्हतं.

ती गेल्यावर बशा धुताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ग्लासगोहून आलेला पोर. शहरी पोर. आर्चीच्या घरात शंभराहून अधिक वर्षं ज्याला हसत होते, तो माझा पणजोबा होता. मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते. रागही आला आणि लाजही वाटली, आणि दोन्हींपेक्षा भीती जास्त वाटली. आता रविवारी फोन का वाजावा?

पुढच्या रविवारी वाजला तेव्हा मी शलगमांबद्दल बोलले. त्याच्या पुढच्या रविवारी पावसाबद्दल. आर्चीनं विचारलं की पासपोर्टचं काय झालं. मी म्हटलं फोटो काढलाय, फोटोत मी मेंढी चोरल्यासारखी दिसते. तो हसला. त्याचं हसणं मला सहन होईना. आपलं नसलेलं काहीतरी आपण ताटात वाढून घेतोय असं वाटत राहिलं. त्याला डोक्याकडे नातं हवं होतं आणि मी नातं नव्हते. त्याला न सांगता मी त्याच्या कबरीपाशी उभी राहिले असते, तर त्याची तीच जागा, जी रिकामी दिसू नये म्हणून तो जीव टाकत होता, खरोखरच रिकामी राहिली असती.

तिसऱ्या रविवारी मी फोन उचलल्याबरोबर म्हटलं, "मिस्टर लॅमाँट, मला तुम्हाला काही सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. थुंकीचं, ग्लासगोचं, ठेवायला दिलेल्या पोरांचं. शेवटी म्हटलं, "तुमच्या आजीच्या म्हणीतला शहरी पोर, तो माझा पणजोबा."

पलीकडे किटलीचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"म्हणीतला?" आर्ची म्हणाला.

"हो."

"चर्चची वेळ झाली," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्यांचं चर्च दुपारी बाराला असतं, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. आठ वाजले, साडेआठ वाजले. मी रेडिओ लावला नाही, न जाणो आवाज ऐकू आला नाही तर. नऊला फोन उचलून कानाला लावून बघितला, चालू होता. मग उभ्यानंच काहीतरी खाल्लं आणि पडले. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मला त्या दिवसांत जेवढं एकटं वाटलं तेवढं वॉल्टरला पुरून आल्यावरही वाटलं नव्हतं. वॉल्टर माझा होता आणि गेला. हा माझा नव्हताच. जे आपलं नव्हतंच त्यासाठी रडायचं कुठल्या तोंडानं? कुणी भेटायला येत नाही अशा दुःखाला, कुणी रोल घेऊन येत नाही.

मधल्या एका मंगळवारी मी सभागृहात गेले. भिंतीवर आमच्या वृक्षाच्या जागी चार खिळे होते.

तिसऱ्या रविवारी मी फोनकडे पाठ करून बसले होते. तो वाजला.

"मी पेगीकडे जाऊन आलो," आर्ची म्हणाला. हॅलो नाही, काही नाही.

मी विचारलं, "कोण पेगी, मिस्टर लॅमाँट?"

"मिस्टर कुणाला म्हणतेस? इथं मी आहे आणि कुत्रा आहे."

पेगी म्हणजे बेटावरची सगळ्यांत म्हातारी बाई, वृद्धाश्रमात असलेली. सकाळी तिला काही आठवतं, दुपारनंतर नाही. आर्ची दोन आठवडे रोज सकाळी मोरागच्या गाडीतून तिच्याकडे जात होता. रविवारीसुद्धा. एकदा ती त्याला त्याचा बाप समजली, एकदा कोळसेवाला समजली. शेवटी तिला म्हण आठवली, आणि म्हणीमागचं घर आठवलं, कारण तिची आजी लॅक्लनच्या दफनाच्या दिवशी कुंपणाबाहेर उभी होती.

तर लॅक्लनला मुलगा एकच, नील, आणि तो बोटीवर. घरात लॅक्लन, एफी, आणि सहा वर्षांचा असताना ग्लासगोहून आलेला पोर. पुढं लॅक्लनला अंगावरून वारं गेलं. दोन हिवाळे तो अंथरुणावर होता. त्याला उचलायचं, धुवायचं, भरवायचं, शेत बघायचं, हे सगळं त्या पोरानं केलं. लॅक्लन गेला तेव्हा नीलचा पत्ता नव्हता. कबरीपाशी सगळे उभे, आणि डोक्याकडची दोरी पडलेली. गावची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग त्यांतल्या एकानं ती उचलून पोराच्या हातात दिली.

"वसंतात नील परत आला," आर्ची म्हणाला. "माझा पणजोबा. त्याला कळलं की बापाची दोरी शहरी पोरानं धरली. त्यानं पोराला उंबऱ्याच्या आत पुन्हा घेतलं नाही. त्याची कपड्यांची पेटीसुद्धा नेऊ दिली नाही. म्हातारी एफी दारात रडत होती म्हणे. पोर तसाच धक्क्यावर गेला. आणि मग आम्ही त्याची म्हण केली."

मला पेटीविना बंदरात उतरलेला माणूस दिसला. तिकडे वारा फार होता, म्हणणारा.

"आर्ची," मी म्हटलं, "तुझा त्यात काय दोष?"

"मी पण हसलो की. तुझ्यासमोरच हसलो. ऐक. त्यानं आमच्या घरातून काही म्हणजे काही नेलं नाही. दोन नावं तेवढी नेली. आणि ती रिवाजाप्रमाणे लावली, जिथली तिथं. नीलनं आपल्या पोरांना काय नावं ठेवली माहितीये? सगळी बायकोकडची. बापाचं नाव त्याच्या तोंडून निघेना. लॅक्लनचं नाव या घरात पुन्हा कुणी लावलंच नाही. ते तिकडं जगलं, तुमच्याकडे."

मी रडत होते, पण आवाज येऊ दिला नाही.

"पासपोर्ट आला का?" त्यानं विचारलं.

"आला."

"मग झालं तर."

त्यानंतरचे रविवार नेहमीसारखे होते. शलगम, कोंबड्या, वारा. फक्त आता मला माहीत होतं की हा माणूस माझा कुणी नाही आणि तरी फोन करतो. हे नात्यापेक्षा जास्त होतं की कमी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

जानेवारीत, आमच्याकडे गवत कापणी चालू असताना, एका बुधवारी फोन वाजला. रविवार नव्हता म्हणून मला वाटलं वीज कंपनी. मोराग होती. आर्ची सकाळी मेंढरांना चारा टाकायला गेला आणि भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. मॉस शेजारीच बसला होता. "तू निघ," ती म्हणाली. "आम्ही थांबवलंय. पाद्रीला सांगितलंय की पहिल्या दोरीचं माणूस लांबून येतंय."

मी यापूर्वी ऑकलंडच्या पलीकडे गेले नव्हते. शेवटचं विमान एवढं लहान होतं की वजनाप्रमाणे आम्हाला बसवलं. उतरल्यावर वाऱ्यानं माझा श्वासच कोंडला. पणजोबा खोटं बोलले नव्हते. बेटावर एक झाड नाही, सगळं सपाट, आणि चहूबाजूंनी समुद्राचा आवाज. आर्चीच्या स्वयंपाकघरात किटली होती, फोन होता, फोनशेजारी खुर्ची. मी त्या खुर्चीत जरा बसले. मोरागनं सूप दिलं आणि स्वयंपाकघराला नावं ठेवली, मग ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

दफनभूमी समुद्राला लागून, वाळूची. माणसं बरीच होती. मी समजत होते त्याहून पुष्कळ. सगळ्यांच्या दोऱ्या त्यानं धरलेल्या होत्या ना. अंत्यविधीवाल्यानं नंबर आणि नावं वाचायला सुरुवात केली. "एक. एफी लॅमाँट."

मी पुढं झाले. कोण ही बाई, कुठली, असं माणसं एकमेकांना डोळ्यांनी विचारत होती. मागून कुणीतरी म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "डोक्याकडची दोरी शहरी पोराला." वाईट बुद्धीनं म्हणाला नसेल, त्यांना सवय आहे. मोराग गर्रकन वळली. पण मी आधीच त्याच्याकडे बघितलं होतं.

"हो," मी म्हटलं. "मी त्याची पणती."

त्याला काही कळलं नाही. पण तो खाली बघायला लागला.

दोरी जाड होती, काळी, टोकाला गोंडा. मी ती दोन्ही हातांत धरली आणि पेटीखालची फळी काढली तेव्हा आर्चीचं सगळं वजन एकदम माझ्या खांद्यांत आलं. डोक्याकडची बाजू सर्वांत जड असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही आठ जण हळूहळू सोडत गेलो. वाळू कडेनं सुळसुळत होती. माझी बाजू मी वाकडी होऊ दिली नाही. पेटी तळाला टेकली तसा दोरीतला ताण गेला.

मग दोरी सोडायची असते. ती पेटीवर टाकून मागे व्हायचं. बाकीच्या सात जणांनी टाकली. मला टाकता येईना. मोराग जवळ आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "सोड आता, पोरी. सोडायचीच असते."

एकवीस वर्षांचा एक मुलगा इथंच कुठंतरी, याच वाऱ्यात, अशीच सैल पडलेली दोरी धरून उभा होता. दोरी हातात होती तोवर तो कुणाचातरी होता. मी आतापर्यंत त्याच्या मागे राहिलेल्या सामानाच्या पेटीचा विचार करत होते, बंद दाराचा, जहाजाचा. पण तो पोरका झाला तो इथं, दोरी सोडल्यावर, हे मला ती हातात असतानाच कळलं.

मी सोडली. ती पेटीवर पडल्याचा आवाज वाऱ्यात आला नाही. माणसं एकेक करून फाटकाकडे निघाली. मी हात कोटाच्या खिशात घातले, कारण आता ते कुठं ठेवायचे ते मला सुचेना.